भोगवर्धनातला भाडेकरू

ह्या वीकांताचा विषय : घर भाड्याने देणे. प्रत्यक्षातलं नव्हे (त्या खेळात आपण बहुतेक जण अजून समोरच्याच टीममध्ये आहोत), तर कॉम्प्युटर गेममधलं. ते कसं दिलं म्हणजे देणाऱ्याचं नुकसान होत नाही आणि राहणाऱ्याचंही होत नाही, एवढाच साधा प्रश्न होता. उत्तर शोधता शोधता मी दोन हजार वर्षं मागे गेलो, तेही व्हाया भोकरदन. त्यामुळे चहा घेऊन बसा.

'द सिम्स' ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ह्या गेममध्ये शत्रू नाही, बंदूक नाही, शेवटची लेव्हल नाही. छोटी छोटी माणसं असतात. त्यांना घर बांधून द्यायचं, नोकरीला लावायचं, जेवू घालायचं, त्यांची भांडणं मिटवायची. थोडक्यात काय, तर संसार. विल राइट ह्या डिझायनरचा हा गेम ४ फेब्रुवारी २००० रोजी बाजारात आला. त्यामागची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९९१ साली कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर मोठी आग लागली, त्यात राइटचं घर जळालं. सगळा संसार पुन्हा उभा करताना माणसाला नेमकं काय काय लागतं, हा विचार त्याच्या डोक्यात घोळत राहिला आणि त्यातून हा गेम निघाला. म्हणजे ह्या खेळाच्या मुळाशीच डोक्यावरचं छप्पर जाणं आहे.

'द सिम्स ४' ला ७ डिसेंबर २०२३ रोजी 'फॉर रेंट' नावाची पुरवणी आली. एकाच प्लॉटवर सहापर्यंत स्वतंत्र बिऱ्हाडं बांधायची आणि भाड्याने द्यायची. मालक भाडं ठरवतो, नियम ठरवतो. भाडेकरू नियम मोडतात (म्हणजे गेम वास्तववादी आहे). मालकाने दुरुस्त्या टाळल्या तर भिंतींना बुरशी धरते आणि त्या बुरशीने माणूस चक्क मरूही शकतो. भाडेकरू फारच वैतागले तर एकत्र येऊन मालकाविरुद्ध बंड करतात.

माझं आजोळ भोकरदन. त्यामुळे गेममधलं शहर जरी आग्नेय आशियाच्या धर्तीवरचं असलं तरी मी तिथे मराठवाडी वाडा बांधला. मधे चौक, चारी बाजूंनी खोल्या, एका कोपऱ्यात आड. सहा बिऱ्हाडं. वाड्याला नाव दिलं 'भोगवर्धन'. हे नाव कुठून आलं ते पुढे सांगतो.

आता ह्यात 'सुरक्षित' चा प्रश्न कुठून आला? तर 'फॉर रेंट' आल्यावर बऱ्याच खेळाडूंच्या तक्रारी सुरू झाल्या, की भाड्याचे प्लॉट असलेले जतन केलेले खेळ बिघडतायत, बिऱ्हाडं उघडतच नाहीत. कित्येक महिने, कुणाकुणाचे कित्येक वर्षं जपलेले संसार एका फाइलबरोबर गेले. त्यानंतर दुरुस्तीचे पॅच आले, पण जुन्या खेळाडूंची सवय कायमची बदलली. दर वेळी नव्या नावाने जतन करायचं, फाइलची प्रत वेगळ्या जागी ठेवायची, आणि मगच नवा भाडेकरू घ्यायचा.

म्हणजे भाड्याच्या घराला ह्या गेममध्ये तीन बाजूंनी धोका आहे. माणसाकडून (बंड), भिंतीकडून (बुरशी) आणि नोंदीकडून (बिघडलेली फाइल). विचार करताना जाणवलं, की हे तिन्ही धोके कुठल्याही प्रोग्रामरने शोधलेले नाहीत. भाडं जितकं जुनं, तितके ते जुने. आणि तिसरा धोका सगळ्यात वाईट, कारण नोंद शाबूत असेल तर पहिल्या दोघांचा निवाडा तरी होऊ शकतो.

सुरुवात खेळांपासूनच करू. आपण सगळ्यांनी लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत 'व्यापार' खेळलेला आहे. फासे टाकायचे, शहरं विकत घ्यायची, त्यावर घरं आणि हॉटेलं चढवायची, आणि दुसरा आपल्या घरावर आला की भाडं वसूल. आठवून बघा, त्या खेळात भाडेकरू कधी असतो का? नसतो. फाशाने नेऊन टाकलं म्हणून तुम्ही पैसे देता आणि पुढच्या फाशाला निघून जाता. त्या घरात कुणी राहत नाही, तिथलं छप्पर गळत नाही, कुणी तक्रार करत नाही.

गंमत म्हणजे ह्या खेळाच्या मुळाशी बरोबर उलटा हेतू होता. एलिझाबेथ (लिझी) मॅगी नावाच्या अमेरिकन बाईने ५ जानेवारी १९०४ रोजी 'द लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे 'घरमालकाचा खेळ', ह्याचं पेटंट मिळवलं. हेन्री जॉर्ज ह्या अर्थतज्ज्ञाची ती अनुयायी. जमिनीच्या मालकीतून आपोआप मिळणाऱ्या उत्पन्नावर कर बसवावा, असं जॉर्जचं म्हणणं. ते लोकांना खेळातून समजावं म्हणून तिने नियमांचे दोन संच केले. एकात सगळी माया एका मालकाकडे जमते, दुसऱ्यात मिळकत वाढली की सगळ्यांचंच भलं होतं. दोन्ही खेळून बघा आणि ठरवा, असा तिचा हिशोब. पुढे १९३५ साली पार्कर ब्रदर्सने तिचं पेटंट ५०० डॉलरला घेतलं, आणि जगभर गाजला तो मात्र पहिला संच : 'मोनोपॉली'. आपला 'व्यापार' त्याचाच भाऊ.

कॉम्प्युटरवर भाडेकरू पहिल्यांदा जरा जिवंत झाला तो १९९४ च्या 'सिमटॉवर' मध्ये. युट साइतो ह्या जपानी डिझायनरचा हा गेम. मजल्यावर मजले चढवायचे आणि ऑफिसं, खोल्या भाड्याने द्यायच्या. लिफ्टसाठी फार वेळ थांबावं लागलं की त्यातली माणसं रागाने लाल व्हायची आणि शेवटी जागा सोडून जायची. (हिंजवडीत काम करणाऱ्यांना हे वेगळं समजावायची गरज नाही.) म्हणजे भाडेकरूला एक हक्क मिळाला : निघून जाण्याचा. त्याला बोलण्याचा, भांडण्याचा हक्क मिळायला 'फॉर रेंट' पर्यंत थांबावं लागलं.

प्रत्यक्ष इतिहासात मात्र भाडेकरू फार आधीपासून बोलतोय. आता वाड्याच्या नावाकडे वळू.

भोकरदन हे केळणा नदीकाठचं तालुक्याचं गाव. आज जालना जिल्ह्यात, १ मे १९८१ ला जालना वेगळा होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात. त्याचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यात ह्या गावच्या लोकांचाही उल्लेख आहे. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते ह्यांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं आणि सातवाहन काळातलं भरभराटीचं व्यापारी गाव हाती लागलं. त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. आणि तिची जवळची नातेवाईक कुठे सापडली होती? इटलीत, पॉम्पेईमध्ये!

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं ते शहर. तिथे १९३८ साली अमेदेओ माइउरी ह्या पुरातत्त्वज्ञाला एक भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. 'पॉम्पेईची लक्ष्मी' म्हणून ती प्रसिद्ध झाली (आता बरेच अभ्यासक तिला यक्षी मानतात), आणि नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिची घडण भोकरदनच्या आणि तेरच्या मूर्तींशी इतकी जुळते, की ती आपल्याच भागातून, कदाचित भोकरदनहूनच, गेली असावी असं काही अभ्यासकांचं मत आहे.

ही मूर्ती ज्या घरात मिळाली ते घर पॉम्पेईच्या ज्या हमरस्त्यावर आहे, त्याला आज 'विया देल्लाबोंदान्त्सा' म्हणतात. अर्थ : समृद्धी मार्ग! (आपला जालन्याजवळून जाणारा नव्हे.) आणि ह्याच रस्त्यावर, थोडं पुढे, एका भिंतीवर रंगवलेली जाहिरात मिळाली. युलिया फेलिक्स नावाच्या मालकीणबाईंची. मजकुराचा सारांश असा, की चांगल्या लोकांसाठी स्नानगृह, दुकानं, त्यावरच्या खोल्या आणि वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं येत्या १३ ऑगस्टपासून पाच वर्षांसाठी भाड्याने देणे आहे. 'चांगल्या लोकांसाठी' ! म्हणजे 'फक्त फॅमिली, बॅचलर्सनी चौकशी करू नये' ही परंपरा किमान दोन हजार वर्षांची आहे. दुसऱ्या एका जाहिरातीत १ जुलैपासून दुकानं, माळे, खोल्या आणि एक घर भाड्याने आहे, आणि मालकाचं नाव ग्नायस अलेयस निगिडियस मायस. पण भेटायचं कुणाला? त्याच्या गुलामाला, प्रायमसला. म्हणजे एजंटही आला.

भोकरदनची मूर्ती त्या जाहिरातीशेजारून कितीदा गेली असेल कुणास ठाऊक.

रोमन लोकांना भिंतीचा धोकाही चांगला माहीत होता. रोम शहरात गरीब आणि मध्यमवर्गीय माणसं उंच उंच भाड्याच्या इमारतींत राहत. त्या पडायच्या, जळायच्या. ऑगस्टस बादशहाने शेवटी उंचीवर ७० रोमन फुटांची मर्यादा घातली. त्याच्या थोडं आधी, इसवी सनपूर्व ४४ मध्ये, वक्ता सिसेरो आपल्या मित्राला पत्रात कळवतो, की त्याच्या मालकीची दोन दुकानं कोसळली आहेत, बाकीच्यांना तडे गेले आहेत, आणि भाडेकरूच काय, उंदीरसुद्धा पळून गेले आहेत. पुढे तो म्हणतो, की ह्या नुकसानीतून फायदा करून देणारी बांधकामाची योजना तयार आहे. रीडेव्हलपमेंट!

इथे आपल्याकडे काय नियम होते? भोगवर्धनच्या भाडेकरूंची चिठ्ठीचपाटी काही उरलेली नाही. पण कौटिल्याच्या नावावरच्या अर्थशास्त्रात, ज्याचं आजचं रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात, घरांच्या व्यवहारावर अख्खं प्रकरण आहे. त्यात भाडेकरूला 'अवक्रयी' म्हटलं आहे. नियम वाचून मी थक्क झालो. जा म्हटल्यावरही जो भाडेकरू हलत नाही त्याला दंड. आणि भाडेकरूला जो मालक हाकलून देतो, त्यालाही दंडच. दोघांना सारखाच, १२ पण. अपवाद कुठले, तर भाडेकरूने शिवीगाळ-मारामारी केली, चोरी केली, जबरदस्ती केली, व्यभिचार केला किंवा जागेचा खोटा ताबा सांगितला तर मालकाला दंड नाही. आणि भाडेकरू स्वतःहून मुदतीआधी निघाला तर त्याने वर्षाचं उरलेलं भाडं द्यायचं. लॉक-इन पिरियड!

ह्यातली दोन्ही बाजूंना सारखा दंड ही कल्पना मला फार आवडली. 'व्यापार' च्या नियमपुस्तकात जे नाही ते इथे आहे : खेळात दोन खेळाडू आहेत हे मान्य करणं.

राहिली नोंद. तिचं उत्तर नाशिकच्या लेण्यात आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात (ऋषभदत्त). त्याने भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि नालासोपारा, इथे वाटसरूंसाठी चार बाजूंनी खोल्या असलेल्या धर्मशाळा बांधल्या. तिथे भाडं नव्हतं. पण त्याचा दुसरा व्यवहार बघा. त्याने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेव म्हणून ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने, की त्यातून भिक्षूंना कपडे मिळत राहावेत. आणि लेखाच्या शेवटी आवर्जून सांगितलं आहे, की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रिवाजाप्रमाणे फळ्यांवर नोंदवलं. वर कातळात कोरून ठेवलं ते वेगळंच. मूळ प्रत गावाच्या सभेत, बॅकअप दगडात. एकोणीसशे वर्षं झाली, फाइल अजून उघडते.

ठेव ठेवणारा जावई राजाचा, ठेव घेणारे विणकर. त्याला दमदाटी करून व्याज वसूल करता आलं असतं. तरी त्याला तिसऱ्या ठिकाणची नोंद हवीशी वाटली. दोघांच्या व्यवहाराची वही दोघांपैकी कुणा एकाच्याच हातात असू नये, हे त्या काळी कळलं होतं.

आता एक मोठी उडी मारून आधुनिक काळात येऊ, कारण मधल्या काळात घरं भाड्याने देणं होतंच, पण त्याचे आजचे नियम घडले ते मुंबईत. गिरण्यांमुळे माणसं लोटली, चाळी उभ्या राहिल्या. १८९६ ला प्लेग आला तेव्हा कोंदट, अंधाऱ्या खोल्यांचं भाडं लोकांनी जिवाने भरलं. (बुरशीने मरणारा सिम आठवा.) १८९८ ला सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, रस्ते रुंद केले, जुनी घरं पाडली. पहिल्या महायुद्धात जागा कमी, माणसं जास्त, भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली मुंबईत भाड्यावर लगाम घालणारा पहिला कायदा आला. दुसऱ्या महायुद्धानंतर आला १९४७ चा प्रसिद्ध कायदा. त्याने भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकलं, आणि भाडेकरूला काढणं जवळजवळ अशक्य केलं.

हा कायदा मुळात तात्पुरता होता. मुदत वाढत वाढत तो पन्नास वर्षं चालला. आपल्या भाषेत : 'टेम्पररी फिक्स' प्रॉडक्शनमध्ये अर्धशतक! हेतू चांगला होता, लाखो गिरणी कामगारांच्या आणि कारकुनांच्या डोक्यावरचं छप्पर त्याने वाचवलं, हे विसरून चालणार नाही. पण भाडं १९४० चं आणि सिमेंट-मजुरी आजची, म्हटल्यावर दुरुस्ती कोण करणार? मालकाने हात वर केले. भाडेकरूने म्हटलं, इमारत तुझी आहे. दोघांच्या भांडणात भिंत एकटी पडली.

१९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला, इमारतींवर उपकर बसवला आणि त्यातून दुरुस्त्या सुरू केल्या. तेव्हा अशा उपकरप्राप्त इमारती साडेएकोणीस हजारांहून जास्त होत्या. तरी पावसाळा आला की इमारत कोसळल्याची बातमी येतेच. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारातली शंभर वर्षांहून जुनी हुसैनी इमारत पडली, तीसहून जास्त माणसं गेली. १९९७ साली सुप्रीम कोर्टानेही म्हटलं, की गोठवलेल्या भाड्याची तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाली आहे. कोर्टाने ती लगेच रद्द केली नाही, कारण कायद्याची मुदत तेव्हा ३१ मार्च १९९८ ला संपणारच होती.

मधे आणखी एक गंमत झाली. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही म्हणून मालकांनी त्याला भाडेकरू म्हणणंच सोडलं. तो झाला 'लायसन्सी', म्हणजे फक्त वापरायची परवानगी असलेला. हेच आपलं 'लीव्ह अँड लायसन्स'. मग सरकारने १९७३ साली दुरुस्ती करून सांगितलं, की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे असे परवानगीवर राहत आहेत ते सगळे भाडेकरूच समजले जातील. एका पॅचने जुन्या सगळ्या फाइलींचा अर्थ बदलला. मालकांची पुढची पिढी जागा भाड्याने द्यायला का घाबरत असे, ह्याचं उत्तर इथे सापडतं.

आणि भोकरदन? ते ह्या मुंबईच्या कायद्याखाली नव्हतंच. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे मराठवाड्याच्या वाट्याला आला हैदराबादचा १९५४ चा घरभाडे कायदा. विदर्भात तिसराच, मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा आदेश. १ मे १९६० ला महाराष्ट्र एक झाला, पण भाडेकरू मात्र तीन प्रकारचे राहिले, आणखी चाळीस वर्षं. शेवटी 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९' आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. म्हणजे 'द सिम्स' बाजारात आल्यापासून दोन महिन्यांच्या आत! एकीकडे जगाला घर-घर खेळायला मिळालं आणि दुसरीकडे महाराष्ट्राला एकच नियमपुस्तक.

हे नियमपुस्तक कसं आहे? माझ्या मते तिन्ही धोके त्यात ओळखलेले आहेत. भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, म्हणजे भाडं गोठत नाही. इमारत नीट ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने दुर्लक्ष केलं तर भाडेकरू नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पाणी-वीज तोडून भाडेकरूला हाकलता येत नाही. उलट बाजूने, लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावरही जो जागा सोडत नाही त्याला दुप्पट रक्कम मोजावी लागते. १२ पण इकडे, १२ पण तिकडे.

आणि नोंद? कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो भाड्याचा असो वा लीव्ह अँड लायसन्सचा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या ह्याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. '११ महिन्यांचाच करार आहे, नोंदवायची गरज नाही' असं जे तुम्हाला ब्रोकर सांगतो ना, ते महाराष्ट्रात खरं नाही. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सक्ती नाही हा नोंदणी कायद्यातला मुद्दा, पण कलम ५५ मध्ये अशी काही सूट नाही. आता तर ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते.

मालकावरच जबाबदारी टाकणारी ही रचना मला डिझाइन म्हणून हुशार वाटते. ज्याच्याकडे जास्त ताकद त्याच्याकडे जतन करायचं काम, आणि जतन नाही केलं तर तोटा त्याचाच. उषवदाताला हे पटलं असतं.

असो. आता मूळ प्रश्न : गेममध्ये भाड्याचा वाडा सुरक्षित कसा चालवायचा? एवढा इतिहास वाचून माझ्या 'भोगवर्धन' चे नियम असे ठरलेत.

आधी बांधकाम. सहा बिऱ्हाडं एकदम बांधायची नाहीत. दोन बांधायची, माणसं राहू द्यायची, दोन-चार दिवस (गेममधले) जाऊ द्यायचे, मग तिसरं. प्रत्येक बिऱ्हाडाला बाहेर पडायचा स्वतःचा दरवाजा, खिडकी उजेडाला. चौक सगळ्यांचा सामाईक. कुठे काही बिघडलं तर कुठल्या पायरीवर बिघडलं हे कळतं. आपण ऑफिसात एका वेळी एकच बदल रिलीज करतो ना, तसंच.

मग भाडं. जास्तीत जास्त लावायचं नाही. दुरुस्ती भागेल आणि थोडं उरेल इतकंच. आणि वसुलीला जायच्या आधी फेरी दुरुस्तीची. गळका नळ, बुरशी, मोडकी शेगडी आधी, पैसे नंतर. माझ्याकडे अजून तरी बंड झालेलं नाही.

आणि शेवटी नोंद. नवा भाडेकरू येण्याआधी आणि जुना गेल्यावर, दोन्ही वेळा नव्या नावाने जतन. जुन्यावर नवं कधीच लिहायचं नाही. आठवड्यातून एकदा सगळ्या प्रती कॉम्प्युटरबाहेरच्या डिस्कवर. प्लॉटचा प्रकार बदलायचा असेल (साध्या घराचं भाड्याचं घर, किंवा उलट) तर आधी प्रत, मग बदल. फळी वेगळी, कातळ वेगळा.

ह्या नियमांनी वाडा फार श्रीमंत झालेला नाही. 'व्यापार' मध्ये मी हरलो असतो. पण सहाही बिऱ्हाडं भरलेली आहेत, आणि चौकात संध्याकाळी सगळे जमतात. मॅगीबाईंच्या दुसऱ्या संचाप्रमाणे खेळला तर हा खेळ रटाळ होतो असं म्हणतात. मला तसं वाटलं नाही.

गेममधली फाइल गेली तर फार तर एक रविवार वाईट जातो. तुमच्या-माझ्या खऱ्या भाड्याच्या घरात मात्र दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकं डिपॉझिट अडकलेलं असतं, आणि ते किती, कधी, कुठल्या अटीवर परत मिळणार ह्याची नोंद एका करारात असते. तो करार नोंदवलेला आहे की नुसत्या स्टॅम्प पेपरवर दोन सह्या करून कपाटात पडलाय, हे आज उठून बघा. नोंदवलेला नसेल तर मालकांना फोन करा. कायद्याने काम त्यांचं आहे, पण पैसे तुमचे आहेत.